हवाकाकांची खुर्ची

१९९३ च्या दिवाळीत, पाडव्याला, मी नऊ हजार चारशे रुपयांचा सागवानी सोफासेट घेतला. घरात तेव्हा मी, सौ., मुलगी शालू आणि शेजारचे हवाकाका. काकांनी सोफ्यावर टिचकी मारली. “लय भारी हाय, भाऊसाहेब. पर ह्यो पिशवीत न्हाई मावायचा.”

त्यांची खुर्ची पिशवीत मावायची. जन्मभर बोटीवर नोकरी केलेल्या काकांनी ती फ्रान्सच्या बंदरातून आणली होती. काचेसारखं प्लास्टिक, आत नुसती हवा. “करणारा व्हिएतनामात जन्मला, पॅरिसात नावाजला,” हे ते प्रत्येकाला सांगत. दर रविवारी तिला रिठ्याच्या पाण्यानं धुऊन सायकलच्या पंपानं फुगवत, आणि सांगलीतली आमची सगळी गल्ली बसून बघायला जाई. “बसा की. हवंला भाडं न्हाई.” माझ्या सोफ्याची कव्हरं कुणी वर करूनही पाहिली नाहीत.

शालूला बघायला मलकापूरची मंडळी आली तेव्हा मी सोफ्याची कव्हरं काढली. पोह्यांनंतर मुलाचे वडील अंगणात गेले, त्यांना काकांच्या दारात खुर्ची दिसली. लग्न तिथेच ठरलं. मुलीचा बाप मी, पण होकार त्यांनी खुर्चीत बसून काकांना सांगितला.

पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो. मागच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा होता. तो आहे हे मला ठाऊक होतं. फुस्स झालं आणि मी हळूहळू जमिनीला टेकलो. काका धावत आले. “किल्ली टोचली न्हाई न्हवं तुमाला?”

सायकलवाल्यानं काळं ठिगळ लावलं.

चार वर्षांनी काकांनी साताऱ्याला लेकीकडे जायचं ठरवलं. तिथे स्वतःसाठी एक खोली बांधायची होती. मुंबईचा एक व्यापारी आला. अशा खुर्च्या आता लोक संग्रहाला घेतात म्हणाला. “ठिगळ नसतं तर चाळीस हजार दिले असते. आता तीन.” भोक कशानं पडलं, असं त्यानं विचारलं. मी समोरच उभा होतो.

“जुनं झालं की फाटायचंच,” काका म्हणाले. खुर्ची तीन हजारांत गेली, आणि पुढे साताऱ्याला खोली काही बांधली गेली नाही. लेकीच्या पडवीला आडोसा केला.

काका साताऱ्याला निघाले त्या दिवशी मी त्यांना गाठलं. “काका, किल्ल्या मी मुद्दाम काढल्या नव्हत्या.”

“ठाऊक हाय. सायकलवाल्याला चार रुपयं मीच दिलं.”

मी चार रुपये पुढे केले. त्यांनी ते मोजून खिशात टाकले. “मिटलं.” इतकं सहज मला कधी म्हणता आलं नसतं. त्याचाही मला हेवा वाटला.

दिले चार रुपये, हवाकाकांना. राहिलेले छत्तीस हजार नऊशे शहाण्णव त्यांनी कधी मागितले नाहीत, आणि मी दिले नाहीत.