मामीच्या चुकलेल्या मुनिया

ठरवून चुकणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, ती माझी मामी.

ऐंशीच्या दशकात कॉलेजसाठी मी रत्नागिरीला मामांकडे राहिले. मामा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पाऊस सरला की कुंपणाच्या दगडी गडग्यालगतच्या गवतावर दाणे टिपायला दोन जातींच्या मुनिया येत. दोन्ही चिमणीहून लहान, तपकिरी, जाड चोचीच्या. मामीला त्या सारख्याच दिसत आणि मामा वैतागत.

"अगं, गळा काय बघतेस? तो दोघींचाही काळपट. पोट बघ! पांढुरकं असेल तर पांढऱ्या पाठीची, तांबूस असेल तर काळ्या गळ्याची."

"मला काय त्यांच्याशी सोयरीक करायचीय?" मामी म्हणायची.

मग मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजत मात्र सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा. मामीने देवाचं नाव घ्यायला लावून पाहिलं, मुलांची नावं विचारून पाहिली. मामा भिंतीकडे तोंड फिरवत.

एका सकाळी खिडकीबाहेर बघत ती सहज म्हणाली, "पांढऱ्या पाठीच्या आल्यात वाटतं."

मामांचा डावा हात पलंगावर आपटला. घशातून ओढून काढल्यासारखा शब्द आला, "का... काळ्या."

मामी न्हाणीघरात जाऊन रडली आणि तोंड धुऊन परत आली. त्या दिवसापासून ती रोज चुकू लागली. नेमकं चुकता यावं म्हणून आधी बरोबर ओळखायला शिकली. मामा चिडून एकेक शब्द बाहेर काढत. पोट. पाठ. एकदा तर चक्क "वेडी"! त्या दिवशी तिने शेजारी साखर वाटली.

पुढच्या दिवाळीनंतर मामा फार थकले. एका सकाळी मी चहा घेऊन आत गेले, तेव्हा समोर गवतावर मुनिया होत्या. कोवळ्या उन्हात पोटं पांढरी दिसत होती.

"काळ्या गळ्याच्या ना हो?" मामीने विचारलं.

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

"नीट बघा ना. अहो, मी चुकतेय."

त्यांनी पुन्हा मान हलवली. थोडं हसलेही. मामी पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांचा निकामी हात चोळत राहिली. चहा तसाच निवला.

आठवड्याभरात मामा गेले. भेटायला आलेल्या बायका मामीला विचारत, शेवटी काही बोलणं झालं का गो?

"बोलायचे कुठले," मामी म्हणायची, "पण रागवायचे हो मला. रोज रागवायचे."