हातांची तपासणी

"हाथ दिखाओ," मॅडम म्हणाली.

मी दोन्ही हात पुढं केले. तिनं छडीच्या टोकानं माझे तळवे पालथे केले, परत उताणे केले. स्वतःचं बोट लावलं नाही. मग सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "तुम लोग का हाथ कभी साफ नहीं होता. फिर से धोओ."

मी धुतले. त्याआधीही धुतलेलेच होते.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. युरोपात घरदार गमावलेल्या गोऱ्या निर्वासितांसाठी पाचगणीला दवाखाना काढला होता. उपासमारीनं वाळलेली, खोकून खोकून थकलेली माणसं. मी वाईजवळच्या शेतकरी घरातली, नर्सिंग सांगलीला शिकलेली. ही माणसं पायावर उभी करायची म्हणून हौसेनं गेले. मॅडम आमची मुख्य, विलायतेहून आलेली. आम्हा देशी नर्सांना ती रोज सकाळी रांगेत उभं करायची. गोऱ्या नर्सा चहा पीत बघायच्या. त्यांचे हात कधी कुणी तपासले नाहीत.

माझे आबा पलटणीतून पेन्शनीत आलेले. त्यांना सांगितलं. म्हणाले, "सायबाची नोकरी हाय. ऐकून घ्यावं लागतंय."

घेतलं ऐकून. वाईट हे, की हळूहळू मला मॅडमचं म्हणणं पटायला लागलं. शिकलेली नर्स मी. मळ कशाला म्हणतात आणि रंग कशाला, हे मला कळत होतं. तरी पटलं.

साबण आणि ब्रश. रोग्याला शिवायच्या आधी, शिवल्यावर. कुणाला न शिवताही. कातडी फाटली. जेवताना मीठ झोंबायचं. झोप गेली.

वॉर्डात एक म्हातारी होती. तिची भाषा आम्हाला कुणालाच येत नव्हती. पेज ती फक्त माझ्या हातून घ्यायची. माझा हात गालाला लावून धरायची. मी ओढून घ्यायचे. माझ्यामुळं तिला काही होईल, ही भीती.

एका दुपारी तिला धाप लागली. तिनं माझ्याकडं हात केला. आलेच, म्हणाले आणि मोरीवर गेले. हात धुतले. परत धुतले. ब्रश खाली ठेववेना. बरोबरच्या नर्सनं हाक मारली, "अगं ये की, म्हातारी बोलावतीया तुला." मी घासतच राहिले.

मी परत तिच्याकडं गेले तेव्हा तिचा हात खाटेवरून लोंबत होता. गार पडलेला.

रजा घेऊन घरी गेले. बहीण बाळंतीण झाली होती. आई तान्हं पोर माझ्या मांडीवर द्यायला आली. मी हात मागं घेतले.

"घे की गं."

"माजं हात चांगलं न्हाईत, आई."

आईनं पोर खाली निजवलं. माझे हात धरून बघितले.

"कुनी केलं ह्ये?"

"मीच."

"तू कशाला करशील?"

रजा संपली. पाचगणीला परत जाताना, पसरणीच्या घाटात, आईचा तोच प्रश्न डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी परत रांग. "हाथ दिखाओ."

मी हात खाली सोडून उभी राहिले. गोऱ्या नर्सांकडं बघून म्हणाले, "पहले उनका देखो."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "माफी माँगो. नहीं तो घर जाओ."

माफी माझ्या ओठावरच होती. त्या दिवसांत मी दिसेल त्याची माफी मागत होते, दाराला धडकले तर दाराचीसुद्धा. पण ती मॅडमची मागायची नव्हती. म्हातारीची होती, आणि ती ऐकायला म्हातारी उरली नव्हती.

मी एप्रन काढून खुंटीला अडकवला.

म्हातारी एकटी गेली. मोरीवर मी उभी होते, दुसरं कुणी नव्हतं. ते मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही. मरेपर्यंत माझ्याकडंच राहील. पण मला तिथं कुणी उभं केलं, तेही आता झाकणार नाही. त्यानंतर ज्या दवाखान्यात कामाला जाते, तिथं पहिल्याच दिवशी सांगते. रोग्यासाठी म्हणाल तितकं करीन. तपासणी असेल तर सगळ्यांची. माझ्या एकटीची करायची असेल, तर मला ठेवू नका.