अंबूआत्याचं ‘कळ्ळं’

अंबूआत्या मूळची वाईची. लग्न होऊन वर्ष होतं न होतं तोच नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी पाठवलं, आणि आजोबांनी लोकांचं बोलणं कानाआड करून तिला मिरजेला सुइणीचं काम शिकायला धाडलं. शिक्षण संपल्यावर, एकोणीसशे बत्तीसच्या सुमारास, ती आमच्याकडे हुबळीला आली. माझे वडील दत्तात्रेय तिथे मामलेदार कचेरीत कारकून होते. आम्ही मुलं घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की कानडी बोलत असू. आत्याला मात्र कानडीचा एक शब्द येत नव्हता.

तिला एक सवय होती. समोरचा काही सांगू लागला की ती मान हलवून लगेच म्हणायची, “कळ्ळं.” म्हणायचं असे ‘कळलं’, पण घाईत व्हायचं ‘कळ्ळं’. भाजीवाल्या बायका हे ऐकून जरा विचित्र नजरेनं पाहायच्या. कानडीत ‘कळ्ळ’ म्हणजे चोर. आई तिला हे सांगणार होती, पण राहून गेलं.

पुढचं मी आत्याच्या तोंडून आणि नंतर शांतव्वाच्या तोंडूनही इतक्यांदा ऐकलंय, की तिथे हजर नव्हते हेच मला कधीकधी खरं वाटत नाही.

हुबळीजवळच्या उणकल गावातल्या फकीरप्पाची बायको शांतव्वा अडली होती. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच होतं. गावच्या सुईणीनं हात टेकले, तेव्हा कोणीतरी आत्याचं नाव सुचवलं. फकीरप्पाचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि आत्या पिशवी घेऊन निघाली.

पोचली तेव्हा दुपार होती. खोलीत जावा, चुलत सासवा, शेजारणी अशा बायका खेटून बसलेल्या. खिडकी बंद, शेगडीचा धूर, आणि जी ती शांतव्वाला काहीतरी सांगत होती. ती पोर घाबरून पांढरी पडली होती. आत्यानं सगळ्यांना हातानं खुणावलं, बाहेर व्हा. त्यांना वाटलं बसायला सांगते आहे. उभ्या होत्या त्याही बसल्या.

आत्यानं मग पाण्याची खूण केली. शांतव्वाची सासू गंगव्वा हुशार बाई. तिनं ओळखलं, की हिला गरम पाणी हवं आहे. तिनं आत्याला मागच्या दाराशी नेलं आणि परसातल्या चुलीवरचा हंडा बोटानं दाखवला. समजत नसलेल्या माणसाशी आपण नेहमीच जरा मोठ्यानं बोलतो. आत्यानंही परसाकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “कळ्ळं! कळ्ळं!”

गावात त्याच आठवड्यात दोन घरफोड्या झाल्या होत्या. गंगव्वानं आत्याच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. हंड्याच्या पलीकडे कडब्याची गंजी, आणि गंजीमागे खरंच काहीतरी हललं. ती ओरडत धावली. ओट्यावरचे पुरुष काठ्या घेऊन उठले. खोलीतल्या बायकांना चोर बघायचा होता, त्या सगळ्या त्यांच्यामागे गेल्या.

आत्या दारात उभीच. नक्की काय झालं, तिला कळेना. मागे वळली तर शांतव्वा अंथरुणावर पोट धरून हसत होती.

शांतव्वा बेळगावकडची. मराठी शेजारात वाढलेली. ती म्हणाली, “अक्का, तुमी चोर म्हणालात की हो. आमच्यात कळ्ळ म्हंजे चोर.”

“अगं बाई,” आत्या म्हणाली. “मी तर म्हटलं, समजलं.”

“आता न्हाई येत त्या लवकर. तुमी दार लावा.”

आत्यानं दार लावलं, खिडकी उघडली, शेगडी बाहेर ठेवली. शांतव्वाला हसू आवरेना. कळ आली की ती आत्याचा हात घट्ट धरायची, आणि कळ ओसरली की पुन्हा हसायची. सकाळपासून अंगात भरलेली भीती त्यात कुठल्या कुठे गेली. कुणी सल्ले द्यायला नव्हतं. आत्या मराठीत सांगत होती, शांतव्वा ऐकत होती. परसातला गोंधळ चालू असतानाच मुलगा झाला आणि चांगला मोठ्यानं रडला.

गंजीमागे होता तो फकीरप्पा. बाप्यानं बाळंतिणीच्या खोलीजवळ फिरकायचं नाही, म्हणून त्याला शेतावर पिटाळलं होतं. पण त्याला राहवेना. कडब्याआड बसून तो कान देत होता. तोंड दिसायच्या आधीच चुलत्याची काठी खांद्यावर बसली.

गंगव्वा परत आली तेव्हा शांतव्वानं तिला सगळा उलगडा केला. ती उंबऱ्यावर बसली आणि पदरानं डोळे पुसत हसली. मग शांतव्वाच्या तोंडून तिनं आत्याला सांगितलं, “‘तिळीतु’ म्हणायचं. आमच्यात समजलं म्हणजे तिळीतु.”

आत्याचा तो कानडीचा पहिला धडा.

बारशाला गंगव्वानं गाडी पाठवली. विधवेला पाळण्याजवळ कोणी बोलावत नाही, हे आत्याला ठाऊक होतं. वाईला तिनं ते पुरेपूर पाहिलं होतं. ती दाराशीच थांबली. गंगव्वानं तिला हाताला धरून आत आणलं आणि बाळ आधी तिच्या मांडीवर ठेवलं. त्याचं नाव बसप्पा ठेवलं, पण सगळं घर त्याला ‘कळ्ळ’ म्हणूनच हाक मारू लागलं. त्या रात्री आत्या आईला म्हणाली, “वहिनी, मला पेढाही पहिला दिला गं.” एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

ही गोष्ट आसपासच्या गावांत पोचायला वेळ लागला नाही. आमच्या दारी बायका येऊन विचारू लागल्या, “कळ्ळ अक्का आहेत का?” वडिलांना ते फार खुपायचं.

“सरकारी नोकराच्या घरी चोरबाई कोण म्हणून लोक बघतात,” ते म्हणाले. “तू त्यांना तसं म्हणू देऊ नकोस.”

“दादा, त्या बोलावतात ते बरं, का न बोलावणं बरं?” आत्या म्हणाली.

पाचसहा वर्षांनी वडिलांची बदली विजापूरला झाली. आमचं सामान बांधून झालं, आत्याची ट्रंकही भरली. निघायच्या आदल्या दिवशी गंगव्वा, शांतव्वा आणि आणखी चारपाच बायका अंगणात येऊन बसल्या. “होगब्याड्री,” गंगव्वा म्हणाली. जाऊ नका. वडिलांनी एकटीनं राहण्यातल्या अडचणी कानडीतून समजावून सांगितल्या. गंगव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एकटी कशी? आम्ही काय कुठं निघालोय?”

आत्या घरात गेली आणि तिनं आपली ट्रंक बांधलेल्या सामानातून बाजूला ओढून घेतली.

उणकलला तळ्याच्या वरच्या अंगाला तिला दोन खोल्या मिळाल्या. वडील दिवाळीत येऊन तिला विजापूरला चल म्हणायचे, आणि ती त्यांना ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे तिकडची भरली वांगी, आणि दही वाढायची. एव्हाना ती बायकांशी कानडीत भांडायची आणि देवापुढे मराठीत पुटपुटायची. शेवटी वडिलांनीच विचारणं सोडलं. पुढे माझ्या पहिल्या बाळंतपणाला आईनं मला विजापूरला बोलावलं, पण मी हट्टानं आत्याकडे आले. आठवा महिना लागला होता. गाडीतून उतरले तर दाराशी शांतव्वा पाणी तापवून उभी होती, आणि आत्या आतून ओरडत होती की पोरीला आधी खायला घाला, चौकशा नंतर.