गंजात बसलेला देव

माझ्या सासूबाईंचा देवावर पूर्ण विश्वास होता. फक्त त्याच्या कामाच्या वेगावर नव्हता.

मेहकरच्या कचेरीतला एक कारकून उन्हाळ्यात माझ्या नणंदेला पाहून गेला. तिला चालायला लावलं, उजेडात उभी करून नीट न्याहाळली आणि 'कळवतो' म्हणून निघून गेला. पोळा गेला, दसरा गेला, निरोप नाही. अमडापूरच्या बाजारात बायका मुद्दाम थांबून विचारू लागल्या. तेव्हा सासूबाईंनी देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण उचलला आणि पाण्याने भरलेल्या गंजात बुडवून ठेवला. मेहकरचा होकार आल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. अडलेल्या कामाला आमच्याकडे ही शेवटची रीत.

गंज देव्हाऱ्यात मावेना, म्हणून तो प्यायच्या पाण्याच्या गुंडांशेजारी ठेवला. पंचाईत सासऱ्यांची झाली. पूजेशिवाय ते जेवत नसत, आणि देवाला लावलेलं गंध क्षणात पाण्यात विरायचं. शेवटी ते गंजाच्या काठालाच गंध लावू लागले.

"म्या आता गंजाचा भक्त झालो," ते म्हणाले. "त्याले सर्दी झाली तं कोणता वैद्य आणशीन?"

"सरकारी नोकरीचा जावई येते. थोडं सोसू द्या त्याले," सासूबाई म्हणाल्या.

गंजातलं पाणी रोज नणंद बदलायची, देव न हलवता, गडव्याने जुनं उपसून नवं ओतत.

अशात डोणगावहून सासूबाईंच्या लांबच्या नात्यातला एक तरुण आमचा गोऱ्हा पाहायला आला. उन्हातून आला होता. पाणी द्यायला मी उठेपर्यंत त्याने स्वतःच तिथला लोटा उचलून सगळ्यात जवळच्या भांड्यात बुडवला, तोंडाला लावला आणि थबकला. दाताला काहीतरी लागलं होतं.

"काकू, तुमच्या पाण्यात देव हाये."

"हाव, म्याच ठेवला. तू काऊन काढला बे?"

"म्या कुठं काढला? तोच आला लोट्यात."

"पोरीचं जमल्याबिगर काढाचा नव्हता त्याले. टाक परत."

पण सासऱ्यांनी तोवर बाळकृष्ण हिसकावून धोतराच्या सोग्याला पुसला होता. "येकदा निघाला तं निघाला," ते म्हणाले आणि पाहुण्याकडे वळले. "तुहं लगन झालं काय बे?"

"नाही."

"मंग बस. गोऱ्हा मंग पाहू."

आत नणंद तोंडात पदर कोंबून हसत होती. लग्नाला ती एवढी हसून तयार होईल असं मला वाटलं नव्हतं.

साखरपुडा झाला आणि तिसऱ्या दिवशी मेहकरचा होकार आला. सासूबाई दिवसभर देव्हाऱ्याकडे पाठ करून बसल्या. "कामं करते, पण वेळेवर नाही," एवढंच म्हणाल्या.

हळदीच्या दिवशी मी नणंदेला विचारलं, "मेहकरचं हुकलं, वाईट नाही वाटलं?"

"वयनी, पाणी बदलताना मी त्याले रोज सांगून राह्यली होती का मेहकरचं लवकर जमू देऊ नको. तुले कितीक दिवस बसा लागलं तरी बस."

सासूबाईंच्या कानावर हे घालायला मी उठले, पण गेले नाही. त्या परसात धाकट्या दिराच्या मॅट्रिकसाठी तोच गंज राखेने घासत होत्या.