चाचांचा चिमटा
राळ जळाल्याचा वास आला की मला पौडच्या बाजारातले चाचा आठवतात. फुटक्या कंदिलांना, डब्यांना ते राळ लावून कथलाचा डाग द्यायचे. माले गावाहून शाळेला जाता-येता मी त्यांच्या भट्टीपाशी बसून ते काम शिकलो. पुढे साठच्या दशकात पुण्याजवळच्या ट्रान्झिस्टरच्या मोठ्या कारखान्यातून मला मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी आपला पितळी चिमटा माझ्या खिशात घातला. मुलाखतीला सगळी पुण्याची, कडक इस्त्रीतली मुलं होती. साहेबांनी प्रत्येकाला एक ट्रान्झिस्टर, म्हणजे रेडिओतला तीन तारेच्या पायांचा इवलासा भाग, डाग देऊन तारेला जोडायला दिला. बाकीच्यांचे उष्णतेनं जळाले. मी त्याचा पाय चिमट्यात धरून डाग दिला, उष्णता चिमट्यानं ओढून घेतली आणि माझा वाचला. "हे कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं. त्या मुलांकडे बघून मी म्हणालो, "पुस्तकात वाचलं." "पुस्तकानं हात असा बसत नाही. नव्या कामगारांना शिकवायला आम्हाला असाच माणूस हवाय. आहे कुणी ओळखीचा?" मी म्हणालो, "नाही." नोकरी मला लागली. चिमटा परत द्यायला गेलो, तर चाचा भट्टी सोडून उठले. "कुटं शिकला म्हनून इचारलं का रं कुनी?" "न्हाई चाचा." त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं. लई भ्यालो हुतो मी. माज्यासारक्या डबेवाल्याचं नाव घेतलं असतंस, तर नोकरी गेली असती तुजी. ऱ्हाऊ दे चिमटा तुज्यापाशी." परवा नातीनं तो खणातून काढून विचारलं, "आजोबा, हा कुणाचा?" आणि मी म्हणालो, "माझाच."