तिचे गोल वाफे

आमच्या शाळेतली परसबाग मी सुरू केली. हे आधीच सांगून टाकते, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही. पाथर्डी तालुक्यातली आमची ही जिल्हा परिषदेची शाळा, पाण्याची बोंब कायमची. तरी मी सरळ रेघेत वाफे धरले, मेथी-पालक लावला, निघेल ते पोरांच्या खिचडीत गेलं. पाणी आटलं की घरून कॅन भरून आणायचे. त्याचं कौतुक कुणी केलं नाही, आणि नवी मॅडम येईपर्यंत मला ते हवंसंही वाटलं नव्हतं.

ती बेलापूरकडची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. आल्या आल्या माझ्या वाफ्यांकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "हे असेच का आखलेत?" असेच म्हणजे कसे? वाफे सरळच असतात. तिने पोरांच्या हातात कुदळ दिलीच नाही. आधी त्यांना शाळेभोवती नुसतं हिंडवलं. ऊन कुठे टिकतं, वारा कुठून येतो, कोणतं पाणी वाया जातं ते बघा म्हणाली. मग मातीचे लहान नमुने करायला लावले, ते मोडून पुन्हा करायला लावले. 'डिझाइन' हा शब्द पोरांच्या तोंडी असा बसला, की माझे पाढे इतक्या वर्षांत तसे बसले नाहीत. "बाई, एकदा लावून भागत न्हाई, टिकलं पायजे," असं माझ्याच वर्गातलं पोरगं मला सुनावून गेलं. माझे वाफे मोडले आणि गोल झाले. शाळा बघायला येणारे त्यांचेच फोटो काढायचे. मी जळत होते, दुसरा शब्द नाही.

सगळ्यात झोंबली ती सहावीतली एक मुलगी. पहिलीपासून माझ्या मागेमागे असायची, डोक्यात माळायला अबोली आणून द्यायची. आता ती अबोली मॅडमच्या केसांत दिसायला लागली. जेवणानंतर ताटं धुतलेलं पाणी रस्त्यावर जाऊन चिखल होतो, हे हिच्या लक्षात आलं. हिने त्या पाण्याला चर काढून दिला, ताटं साबणाऐवजी राखेने घासायचं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आणि चराच्या टोकाला घेवड्याचा वेल चढवला. मॅडमने तिची पाठ थोपटली. माझाही हात पुढे झाला होता, पण तोवर पोर वळून मॅडमकडेच बघत होती.

हिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि हिला सोबत नेतात. उन्हाळ्याच्या तोंडाला ती परत येते तेव्हा वर्ष हातचं गेलेलं असतं. तीन वर्षं मी त्यांच्या दारात जाऊन विनवत होते, पोरीला आजीपाशी ठेवा, शाळा बुडवू नका. दर वेळी नकार. नव्या मॅडमला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या बेलापूरकडे ऊस तोडायला टोळ्या येतात. त्या निघतात त्या गावातली शाळा थंडीत कशी ओस पडते, हे तिला कोण सांगणार? तिने भाजी काढायचा बेत ऐन थंडीत धरला, तेव्हा मी मनात म्हटलं, कळेल आता, काढायला कोण उरतंय ते. वाईट वाटायला हवं होतं, पण मला बरंच वाटलं.

घेवडा फुलावर आला आणि टोळी न्यायला मुकादमाचा ट्रक यायचा दिवस ठरला. मी सवयीने त्यांच्या घरी गेले. मुलीची आई भांडी पोत्यात भरत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बाई, औंदा पोरगी आमच्यासंगं येत न्हाई. लई रडली. मी गेले तर घेवडा वाळंल म्हनती. म्हनलं ऱ्हाऊ दे म्हातारीपशी."

"बरं झालं," मी म्हणाले. बरंच झालं होतं. पण तीन वर्षं मी शिक्षण, नोकरी, पुढचं आयुष्य, सगळं त्या घरापुढे मांडलं होतं, आणि पोर थांबली ती वेलासाठी. तोही दुसरीने लावायला शिकवलेला.

मी निघाले तर आई दारापर्यंत आली. "त्या नव्या मॅडमला सांगा, पोर त्यांच्या भरवशावर ठिवलीय."

निरोप पोचवायला मीच. रात्रभर वाटलं, न सांगितला तर कुणाचं काय बिघडतं? सकाळी सांगितला. मॅडम हातांची माती झटकत उभी राहिली. "भरवशावर? म्हणजे? ती कुठे जाणार होती?"

जे मला जमलं नाही ते हिने करून दाखवलं होतं, आणि हिला त्याचा पत्ताही नव्हता. मग मी तिला सांगितलं, ट्रक कधी येतात, कोणकोणती पोरं जातात, सगळं. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. पदराने ते पुसत तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मग बाई, इतकी वर्षं तुम्ही त्यांच्याशी कधी बोलला नाहीत का हो?"

"बोलले होते," मी म्हणाले आणि माझ्या वर्गावर गेले.