मॅग्नेशियमची आंघोळ

“आधी आंघोळ, मग लग्न!” मोडलेला तुकडा घेऊन कुणी आमच्या गिरगावातल्या कारखान्यात शिरलं, की काका चष्मा कपाळावर सरकवून असं म्हणायचे. कारखाना म्हणजे दीड खोली. मोडलेलं जोडायचं काम. काका रसायनं बघायचे, मी कानस चालवायचो. असा एखादा खोडकर वडीलधारा तुमच्याही कामाच्या जागी असेलच.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. एका सकाळी शेजारच्या वाडीतला तरुण कार्यकर्ता लाउडस्पीकरचं मशीन कवटाळून आला. महायुद्धाच्या भंगारातलं मशीन, पेटीचा एक पाय मोडलेला. संध्याकाळची सभा त्याच मशीनवर व्हायची होती.

“काका, गोंद फासा आणि द्या.”

काकांनी पायाचा चिमूटभर कीस काढून काडी लावली. डोळे दिपवणारा पांढरा जाळ झाला. कार्यकर्ता बादलीकडे धावला.

“पाणी नको, भडकेल!” म्हणत काकांनी वाळू टाकली आणि खुशीत म्हणाले, “मॅग्नेशियमचा मिश्रधातू आहे हा. हवेने ह्याच्यावर कच्चा थर चढतो. गोंद त्यालाच चिकटतो. थर सुटला की पाय सुटला. तो खरवडायचा आणि आम्लात बुडवून पक्का थर बसवायचा.”

तुकडे पुसले, घासले, आम्लातून आणि गरम पाण्यातून काढून वाळवले. कार्यकर्त्याने अंगठा फिरवला. “वा, काय चकचकीत!”

“झालं! तुझ्या अंगठ्याचं तेल लागलं. पुन्हा आंघोळ.”

दुसऱ्या खेपेलाही त्याने बोट लावलंच. मग काकांनी त्याच्या दोन्ही हातांत चहाचे वाफाळते कप दिले. “एक माझा आहे. सांडू नकोस.” गोंद लावून जोड आवळून दिव्याच्या उबेला ठेवेपर्यंत बिचारा तसाच उभा. हसू लपवायला मी उगाच कानस घासत राहिलो.

संध्याकाळी आम्हीही सभेला गेलो. तिथे रेटारेटीत मशीन टेबलावरून पडलं. आवाज गेला. काका वाकले आणि ओरडले, “आपला पाय शाबूत! दुसरा मोडलाय, बिनआंघोळीचा!” चार जणांना त्यांनी तो दाखवलासुद्धा.

वायर खोचल्यावर आवाज आला, पण मशीन जरा हललं की जाई. शेवटी काका खुर्चीत बसले आणि ते मांडीवर धरून राहिले. मशीन तापत चाललं.

“काका, द्या इकडे,” मी हात पुढे केले.

“गप रे. भाषण तुटेल.”

पुढे महाराष्ट्र झाला, कारखाना बंद झाला, काकाही गेले. त्या भाषणातला एकही शब्द मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शेवटच्या घोषणेला सगळ्यांच्या मुठी वर गेल्या. काकांचे दोन्ही हात गुंतलेले, मांड्या भाजत होत्या. त्यांनी चप्पल झटकली आणि मशीन न हलवता, गुडघ्याखालचा एक पाय ताठ वर केला.